थायमसची स्लाइड: हॅसल दिसण्याआधी

एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला लिम्फॉइड अवयवांच्या चार स्लाइड असतात: लिम्फ नोड, प्लीहा, टॉन्सिल आणि थायमस (रोगप्रतिकारक टी पेशी घडवणारी ग्रंथी). अभ्यासक्रमात चारही एएन ७०.२ या एकाच क्षमतेखाली येतात, आणि तिथे नुसतं ओळखणं पुरत नाही. रचना सांगून ती कामाशी जोडायची असते. चौघांत थायमस सगळ्यात सोपा मानतात. हॅसल म्हणजे त्यातला चपट्या पेशींचा गोल वेटोळा. ‘हॅसल दिसला की थायमस’ एवढं घोकलं की झालं! मग स्पॉटिंगला नेमका हॅसल नसलेला भाग फोकस करून ठेवलेला असतो, स्टेज हलवायची परवानगी नसते, आणि समोरच्या कागदावर ‘लिम्फ नोड’ लिहिलं जातं. म्हणून इथे क्रम उलटा ठेवला आहे. आधी लो पॉवरवर अवयवाचा आराखडा, मग कॉर्टेक्स (बाहेरचा गर्द भाग) आणि मेड्युला (आतला फिकट भाग), आणि हॅसल शेवटी.

स्लाइड लावण्याआधी

कोकणात जून ते सप्टेंबर मायक्रोस्कोपला माणसापेक्षा जास्त जपावं लागतं. दमट हवेत भिंगावर बुरशी धरते. ती कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक तंतूंची दिसते, आणि तिच्यातून पाहिलं तर सगळी स्लाइड धुक्यात असल्यासारखी वाटते. विद्यार्थी डोळे चोळतो, फोकस फिरवत बसतो आणि शेवटी ‘माझी स्लाइडच खराब आहे’ म्हणतो. दोष कुठे आहे ते अर्ध्या मिनिटात कळतं. आयपीस बोटांनी फिरवा. डाग सोबत फिरला तर तो आयपीसवर. स्लाइड सरकवा, डाग सरकला तर तो स्लाइडवर. दोन्ही वेळा जागचा हलला नाही तर ऑब्जेक्टिव्ह बदला. बदलल्यावर गेला तर ऑब्जेक्टिव्ह, नाहीतर खालचा कंडेन्सर. पुसायला लेन्स पेपरच वापरायचा. रुमालात वाळूचे कण असतात, आणि समुद्रकाठच्या गावात तर ते असतातच.

४०एक्सवर, म्हणजे चाळीस पट मोठं दाखवणाऱ्या भिंगावर, धूसर दिसण्याचं दुसरं कारण म्हणजे तेल. रक्ताच्या स्मिअरचं प्रॅक्टिकल आधी झालं असेल, तर कुणाच्या तरी हातून ४०एक्सला सीडरवुड तेल लागलेलं असतं. तिसरं कारण सगळ्यात हास्यास्पद आणि सगळ्यात नेहमीचं: स्लाइड उलटी लावलेली असते. ४०एक्सचं भिंग स्लाइडपासून अर्धा-पाऊण मिलिमीटरवर येतं आणि स्लाइडची काच स्वतःच एक मिलिमीटरहून जाड असते. कव्हरस्लिप खाली गेली की ४एक्स आणि १०एक्सवर ठीक दिसतं, ४०एक्सवर फोकस येतच नाही. त्यात जोर लावला की काच तडकते. लेबल वाचता येतं का आणि कव्हरस्लिपची कड नखाला वरच्या बाजूने लागते का, हे पाहूनच स्लाइड लावा.

कंडेन्सर वर, जवळजवळ स्टेजला टेकेल इतका. आयरिस डायफ्राम साधारण दोन तृतीयांश उघडा. तो फार मिटला तर थायमसचं नुकसान इतर अवयवांपेक्षा जास्त होतं, कारण इथे आधीच गर्द केंद्रकांची दाटी असते आणि प्रत्येकाभोवती काळी कड उमटून सगळी खसखस सांडल्यासारखी दिसते. वीज गेली आणि आरशाचा मायक्रोस्कोप हाती आला, तर कंडेन्सर असताना आरशाची सपाट बाजू वापरायची. खोलगट बाजू कंडेन्सर नसेल तेव्हाची.

आता स्लाइड नुसत्या डोळ्यांनी पांढऱ्या कागदावर धरून पाहा. लिम्फ नोड घेवड्याच्या दाण्यासारखा, कडेला गर्द. प्लीहा एकसंध गुलाबी-जांभळी, आत ठिपके. टॉन्सिलची एक कड खाचाखोचांची. थायमस मात्र लहान लहान बेटांचा पुंजका दिसतो, प्रत्येक बेटाची कड जांभळी. बराचसा निकाल इथेच लागतो.

४एक्स: इथे दहा मिनिटं थांबा

आयपीसवर १०एक्स/१८ असं लिहिलेलं असेल, तर १८ ला ऑब्जेक्टिव्हच्या आकड्याने भागा. ४एक्सवर दिसणारं वर्तुळ ४.५ मिलिमीटर रुंद, १०एक्सवर १.८, ४०एक्सवर ०.४५ मिलिमीटर म्हणजे ४५० मायक्रॉन. हे तीन आकडे वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, पुढे मोजमापाला लागतील.

बाहेर पातळ कॅप्सूल. तिच्यातून संयोजी ऊतकाचे पडदे, म्हणजे सेप्टा, आत उतरतात आणि अवयवाचे अर्धा ते दोन मिलिमीटरचे लोब्यूल पाडतात. प्रत्येक लोब्यूलला गर्द जांभळा कॉर्टेक्स आणि आत फिकट मेड्युला. इथवर सगळ्यांना दिसतं. चूक पुढे होते: प्रत्येक लोब्यूल ही स्वतंत्र, बंद डबी आहे असं समजून आकृती काढली जाते, बाहेर वर्तुळ, आत वर्तुळ.

सेप्टा कॉर्टेक्स-मेड्युलाच्या सीमेपर्यंतच जातात. मेड्युला ते चिरत नाहीत. म्हणजे सगळ्या लोब्यूलांची मेड्युला आतून एकमेकांना जोडलेली असते. भरतीच्या वेळी उंचावरून खाडी पाहिली तर एकच पाणी फाटे फोडत जमिनीत शिरलेलं दिसतं. त्याच खाडीचा आडवा छेद घेतला तर प्रत्येक फाटा सुटं तळं वाटेल. स्लाइड हा असा छेद आहे. त्यामुळे काही लोब्यूलांत मेड्युला सुटी दिसते, काही ठिकाणी दोन-तीन लोब्यूल एकाच फिकट पट्ट्याने जोडलेले, आणि एखादा लोब्यूल नुसताच गर्द, मेड्युलाच नाही असा. तो शेवटचा कडेवरून तासला गेलेला असतो, आजारी नसतो. स्लाइड सरकवत निदान एक जोड शोधाच आणि आकृतीत तोच भाग घ्या. परीक्षक आकृतीकडे बघूनच ओळखतो की विद्यार्थ्याने स्लाइड पाहिली की शेजारच्याची वही.

याच पॉवरवर सगळ्यात मोठा सापळा आहे. गर्द कड आणि फिकट पोट हे चित्र लिम्फ नोडमधल्या दुय्यम लिम्फॉइड गाठीचंही असतं. तिथे गर्द कडेला मँटल म्हणतात आणि मधल्या फिकट भागाला जर्मिनल सेंटर. एकच गोल दिसला तर फसायला होतं. उत्तर त्या गोलात नाही, त्याच्या भोवती आहे. गोलाभोवती गुलाबी संयोजी ऊतक किंवा मोकळी फट असेल तर तो थायमसचा लोब्यूल. गोलाभोवती पुन्हा लिम्फोसाइटच (लहान पांढऱ्या रक्तपेशी) पसरलेले असतील तर ती गाठ. शिवाय गाठीची कड एका बाजूला जाड टोपीसारखी असते, थायमसच्या कॉर्टेक्सची तशी नसते. थायमसमध्ये गाठी नसतात, आणि कॅप्सूलखाली लिम्फ नोडसारखा सायनसही नसतो, कारण थायमसला लिम्फ आणून सोडणाऱ्या वाहिन्याच नाहीत. ‘काय नाही’ हे थायमसच्या बाबतीत ‘काय आहे’ याइतकंच कामाचं आहे.

१०एक्स

इथे फार वेळ घालवू नका. कॉर्टेक्स आणि मेड्युला यांची सीमा गाठा आणि तिच्यावरून चालत जा. या सीमेवर रक्तवाहिन्यांची वर्दळ असते. अस्थिमज्जेतून येणाऱ्या पूर्वपेशी इथूनच आत येतात आणि तयार टी पेशी बाहेर पडतात त्याही याच भागातल्या वाहिन्यांतून. मेड्युलात गुलाबी ठिपके दिसू लागले असतील. त्यांच्या जागा लक्षात ठेवा आणि पुढे चला.

४०एक्स, कॉर्टेक्स

आता फक्त फाइन फोकस, आणि हात त्यावरून काढायचा नाही. कॉर्टेक्समध्ये लिम्फोसाइट इतके खच्चून भरलेले असतात की एका फोकसवर एकच थर दिसतो. लहान थायमोसाइटचं, म्हणजे थायमसमधल्या लिम्फोसाइटचं, केंद्रक गोल, गर्द, आणि भोवती सायटोप्लाझम जवळजवळ नाहीच. कॅप्सूलखालच्या पट्ट्यात जरा मोठ्या, फिकट केंद्रकाच्या लिम्फोब्लास्ट पेशी आणि विभाजनाच्या आकृत्या शोधा.

या गर्दीत अधूनमधून अंडाकृती, फिकट, ठळक न्यूक्लिओलस असलेली मोठी केंद्रकं दिसतात. ती एपिथेलियल रेटिक्युलर पेशींची, आणि थायमसचं सगळं वेगळेपण त्यांच्यात आहे. लिम्फ नोड आणि प्लीहा यांचा सांगाडा रेटिक्युलर तंतूंचा असतो. थायमसचा सांगाडा पेशींचा. रापणीत तारल्या ठासून भरल्या की जाळं दिसत नाही, नुसते मासे दिसतात. कॉर्टेक्समध्ये तेच होतं. फरक इतकाच की या जाळ्याचा धागा म्हणजे लांब हात पसरलेल्या आणि डेस्मोसोम या पेशींमधल्या जोडांनी एकमेकींना धरलेल्या एपिथेलियल पेशीच. म्हणून सायटोकेराटिनचं रंजन केलं तर सगळं जाळं उजळतं, आणि रेटिक्युलिनच्या रंजनात तंतू प्रामुख्याने सेप्टा आणि रक्तवाहिन्यांभोवती दिसतात.

कॉर्टेक्समध्ये मधूनच एखादी फिकट मोकळी जागा आणि तिच्यात काळे तुकडे दिसतील. तो मॅक्रोफेज, आणि तुकडे मेलेल्या थायमोसाइटचे. थायमसमध्ये तयार होणाऱ्या पेशींपैकी ९५ टक्क्यांहून जास्त तिथेच मरतात. कॉर्टेक्समध्ये स्वतःच्या शरीरातल्या, प्रतिजन दाखवणाऱ्या एमएचसी रेणूंशी जुळवून घेता येतं का ही परीक्षा, मेड्युलाकडे आल्यावर स्वतःच्याच ऊतकांवर हल्ला तर करत नाही ना ही दुसरी. मेड्युलातल्या एपिथेलियल पेशी एआयआरई या जनुकाच्या जोरावर शरीरभरातली प्रथिनं तयार करून दाखवतात, ती या दुसऱ्या परीक्षेसाठी. पहिली पॉझिटिव्ह सिलेक्शन, दुसरी निगेटिव्ह. व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) ही नावं उलटसुलट होतात. जागा धरून पाठ केली तर होत नाहीत.

पुस्तकात एपिथेलियल रेटिक्युलर पेशींचे सहा प्रकार दिलेले असतात. पहिले तीन कॉर्टेक्सकडचे, पुढचे तीन मेड्युलाकडचे. पहिला प्रकार कॅप्सूलखाली, सेप्टांच्या कडेने आणि कॉर्टेक्समधल्या वाहिन्यांभोवती अस्तर धरतो. दुसरा कॉर्टेक्सच्या अंगात जाळं विणतो, पाचवा तेच काम मेड्युलात करतो. तिसरा आणि चौथा सीमेवर दोन्ही बाजूंनी उभे. सहावा हॅसल बनवतो. पाठ जरूर करा, पण साध्या एच अँड ई (हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन या रंगांच्या) स्लाइडवर बोट ठेवून ‘हा दुसरा प्रकार’ असं म्हणू नका. जागेवरून अंदाज बांधता येतो. आकारावरून फक्त सहावा ओळखता येतो, तोही हॅसलमध्ये असतो म्हणून.

ब्लड-थायमस बॅरिअरचंही तसंच. तो एच अँड ईवर थर मोजून दिसणार नाही. आकृती काढून समजून घ्यायचा असतो. रक्ताकडून निघा: छिद्रं नसलेलं, घट्ट जोडलेलं एन्डोथेलियम, त्याची बेसल लॅमिना, वाहिनीभोवतीची अरुंद जागा आणि तिच्यातले मॅक्रोफेज, मग एपिथेलियल पेशीची बेसल लॅमिना, आणि शेवटी पहिल्या प्रकारची पेशी. शिकाऊ पेशींना रक्तातले परके प्रतिजन भेटू नयेत यासाठी हा बंदोबस्त. तो कॉर्टेक्सपुरताच आहे, आणि गुण जातात ते नेमके हे वाक्य न लिहिल्याने.

मेड्युला आणि हॅसल

मेड्युला फिकट का? लिम्फोसाइट विरळ, आणि एपिथेलियल पेशी जास्त उघड्या, गुलाबी सायटोप्लाझमसकट. जाळं पाहायचं असेल तर इथेच पाहा, कॉर्टेक्समध्ये शोधून डोळे दुखवू नका.

आता हॅसल. इंग्रज डॉक्टर आर्थर हिल हॅसल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात त्याचं वर्णन केलं. चपट्या एपिथेलियल पेशी एकाभोवती एक गुंडाळल्या जाऊन तो बनतो. अलिबागचा पांढरा कांदा आडवा कापून पाहा: बाहेरच्या पाती सुट्या, ओळखू येणाऱ्या, आणि गाभ्याकडे घट्ट. हॅसलमध्ये बाहेरच्या पेशींची केंद्रकं चंद्रकोरीसारखी वाकलेली दिसतात, आत जाताना ती नाहीशी होतात आणि गाभा एकसारखा गडद गुलाबी होतो, कारण आतल्या पेशींत केराटिन साचून त्या मेलेल्या असतात. जुन्या हॅसलचा गाभा कधी पोकळ असतो, कधी त्यात कॅल्शियम जमतं.

मोजून पाहा. ४०एक्सचं वर्तुळ ४५० मायक्रॉनचं. हॅसलने वर्तुळाच्या रुंदीचा पाचवा हिस्सा व्यापला तर तो सुमारे ९० मायक्रॉन. हॅसल २०-३० मायक्रॉनपासून १०० च्या पुढेही जातात. शेजारचा लहान लिम्फोसाइट सात-आठ मायक्रॉनचा. ती पट्टी प्रत्येक स्लाइडवर फुकट मिळते.

खरा की खोटा हे ठरवायला तीन प्रश्न पुरतात. तो मेड्युलात आहे का? कडेची केंद्रकं गोलाईने वळलेली आहेत का? मधे रक्तपेशी तर नाहीत ना? तिसरा प्रश्न विसरला की आडवी कापलेली धमनिका हॅसल म्हणून खपते. धमनिकेला पोकळी असते, पोकळीत लाल पेशी असतात किंवा ती रिकामी असते, आणि भिंतीत गुळगुळीत स्नायू असतो. हॅसलला भिंत आणि पोकळी असा भेद नसतो, तो गाभ्यापर्यंत भरीव असतो. पोकळ झालेला जुना हॅसल शंका आणतो, पण त्याच्या पोकळीत कचरा असतो, एन्डोथेलियमचं अस्तर नसतं. टॉन्सिलच्या क्रिप्टमध्ये साचलेला केराटिनचा कचराही फसवतो. तिथे शेजारी स्ट्रॅटिफाइड स्क्वॅमस एपिथेलियम सापडतंच.

गर्भाच्या थायमसची स्लाइड असेल तर हॅसल लहान असतात, दोन-चार पेशींचा वेटोळा एवढेच. ते नाकारू नका.

आकृती

एच अँड ईच्या आकृतीला गुलाबी आणि जांभळी अशा दोनच पेन्सिली आणि बाह्यरेषेला एचबी. पानावर दोन-तीन लोब्यूल मोठे काढा, त्यांतल्या किमान दोघांची मेड्युला जोडलेली. कॉर्टेक्स जांभळा गिरवायचा नसतो, ठिपक्यांनी भरायचा असतो: मेड्युलात एक ठिपका पडेल तेवढ्या जागेत कॉर्टेक्सला चार. ठिपके पेन्सिलीचं टोक तासून, उभं धरून. बोथट टोकाने केलेले ठिपके एकमेकांत मिसळतात आणि मग कॉर्टेक्स हा शाईचा डाग होतो. हॅसल दोन-तीन पुरेत, आणि ते मेड्युलातच. एक जरी कॉर्टेक्समध्ये पडला तरी बाकीची मेहनत वाया. नावं उजवीकडे एका रेषेत: कॅप्सूल, सेप्टम, कॉर्टेक्स, मेड्युला, हॅसल्स कॉर्पसल. दर्शक रेषा एकमेकींना छेदू देऊ नका. पूर्ण आकृतीला वीस मिनिटं. चाळीस लागत असतील तर ठिपक्यांत वेळ जातोय.

सरावाला चारही लिम्फॉइड स्लाइडचे पुढचे-मागचे लेबल कागदी टेपने झाका, मित्राला ट्रेमध्ये उलटसुलट ठेवायला सांगा आणि प्रत्येकीला फक्त ४एक्सवर पंधरा सेकंद द्या. ओळख सांगताना दोन कारणं तोंडाने म्हणा. हॅसल हे कारण पहिल्या आठवड्यात वापरायचं नाही असा नियम करा. डोळा आपोआप लोब्यूल, सेप्टा आणि जोडलेल्या मेड्युलाकडे वळतो.

व्हायव्हात पुढे जे विचारतात

एपिथेलियल जाळं तिसऱ्या फॅरिंजियल पाऊचच्या (गर्भाच्या घशाकडच्या पिशवीच्या) एन्डोडर्मपासून, लिम्फोसाइट अस्थिमज्जेतून. एकाच अवयवातल्या शेजारी पेशींची दोन माहेरं, हा प्रश्न हटकून येतो. हा पाऊच नीट न बनल्यास डायजॉर्ज सिंड्रोम, गुणसूत्र २२ वरचा तुकडा गळाल्याने.

वजन: जन्माच्या वेळी १० ते १५ ग्रॅम, वयात येताना ३० ते ४०, आणि नंतर घट. मराठी परिभाषेत थायमसला यौवनलोपी ग्रंथी म्हणतात. नाव देखणं आहे, पण थोडं फसवतं. ती यौवनात लोप पावत नाही. तिथून पुढे कॉर्टेक्स विरळ होत जातो, जागा चरबी घेते, आणि चरबीच्या शेतात मेड्युलाची बेटं हॅसलसकट उरतात. म्हणून प्रौढाची स्लाइड आली आणि बहुतेक जागा पांढऱ्या पोकळ चरबीपेशींनी भरलेली दिसली, तरी घाबरून ‘ॲडिपोज टिश्यू’ लिहू नका. बेटं शोधा. लहान मुलाला मोठा आजार किंवा ताण झाला तरी कॉर्टेक्सच आधी ओसरतो, आणि कॉर्टेक्स-मेड्युलाची सीमा पुसट होते.

आणि वर सांगितलेला ‘थायमसमध्ये गाठी नसतात’ हा नियम निरोगी थायमसचा. मायस्थेनिया ग्रेव्हिस या स्नायू दुबळे करणाऱ्या आजाराच्या बऱ्याच रुग्णांत मेड्युलात जर्मिनल सेंटरसकट गाठी दिसतात. प्रश्न पॅथॉलॉजीचा आहे, पण पहिल्या वर्षाच्या व्हायव्हात हुशार विद्यार्थ्याला चाचपायला विचारला जातो.

काम संपल्यावर स्टेज खाली, ४एक्स जागेवर, मगच स्लाइड काढा. ट्रे कपाटात ठेवताना सिलिका जेलची पुडी पाहा: निळे खडे गुलाबी झाले असतील तर ते ओले आहेत, गरम करून पुन्हा निळे करायचे. कोकणातल्या जुन्या पद्धतीप्रमाणे पावसाळ्यात कपाटात ४० वॉटचा पिवळा दिवा लावून ठेवतात. तो यंत्रापासून आणि लाकडापासून हातभर लांब असावा. स्लाइड खिडकीत मात्र वाळवू नका, उन्हाने रंग उडतो, आणि रंग उडालेल्या थायमसमध्ये कॉर्टेक्स कुठे संपला ते पुढच्या बॅचला सांगता येत नाही.